समुद्राले शेवाय

भुसावळला समुद्र नाही.
जामनेर रोडला, माझ्या शटरच्या आत,
कुलरच्या जळक्या मोटारी आणि वाळ्याच्या ताट्या
सरकवल्या की मागे मात्र आहे,
सव्वातीन फुटांचा,
मीठ तोलून कालवलेला.

एप्रिलात आधी वाळूवर तपकिरी भुकटी बसली.
बोटानं पुसली.
मग दगडांना हिरवे केस फुटले,
पंपाच्या तोंडाला दाढी आली.
मग लालसर जांभळी साय,
पोटात बुडबुडे धरून,
ओढली की अख्खी निघायची
आणि दुसऱ्या सकाळी अख्खी परत.

आणि हातोडी.
कुणाच्या तरी टाकीत वाढवलेलं, समुद्रातून न तोडलेलं
माझं एकुलतं महागाचं पोवळं,
थर्माकोलच्या खोक्यातून पार्सल ऑफिसात उतरलेलं.
तिनं अंग चोरलं.
तीन फांद्यांतली एक पांढरी झाली
चावून टाकलेल्या हाडासारखी.

झोपे काका स्टुलावर टेकले, चष्मा कपाळावर:
"समुद्रालेबी शेवाय लागते का रे भो?
आमच्या हौदाले लागलं तं आमी चुना टाकतो."
मी हसलो.
रात्री आठवलं, चुन्याची निवळी
पोवळ्यांनाही देतात थेंबथेंब.
काकांना सांगितलं नाही.

दिव्याचे तास कमी केले.
रुजुताला दरडावलं, मुठीनं दाणे टाकतेस ना?
ती म्हणाली, चिमटीनं.
म्हटलं, खोटं बोलतेस.
भिरूड सरांनी कॉलेजातून नळ्या आणल्या,
पाण्यात पूड हलवली आणि आम्ही दोघे
घड्याळाकडे बघत बसलो.
पाणी निळं होत गेलं.
जितकं निळं तितकं फॉस्फेट.
माझं तर नीळ कालवल्यासारखं.
"हे येतंय कुठून?" सर म्हणाले.
मी मुलीकडे पाहिलं. ती आत निघून गेली.

बाहेर सेहेचाळीस.
पाणी थंड राहावं म्हणून वर दोन पंखे,
पंख्यानं रोज बादलीभर पाणी उडतं,
मीठ तेवढं मागे राहतं,
म्हणून रोज बादलीभर गोडं पाणी मी वरून घालतो,
फिल्टरचं.

फिल्टरचं.

मीटर बुडवला. शून्य हवं होतं.
एकशे चार.

खोलून पाहिलं. जाळी दगड झालेली.
वहीत बदलल्याची तारीख, दोन पोळ्यांपूर्वीची.
गावभर लोकांच्या कुलरचा खार मी खरवडतो
पत्र्यानं, तेजाबानं, शिव्या देत,
बायामाणसांना ऐकवतो,
"मशीन नंतर बघू, आधी पाणी दाखवा",
आणि हेच बोअरचं पाणी
वर्षभर माझ्या हातानं
बादलीबादलीनं त्या समुद्रात.

रुजुतानं केळ्याच्या वेफर्सचे दोन पुडे घेतले,
पण माफ एकाच पुड्यापुरतं केलं.

नवी जाळी बसवली.
दुरुस्तीत एका वेळी एकच स्क्रू, हे उस्तादांनी शिकवलेलं;
म्हणून औषधाची बाटली आणली होती ती फोडली नाही.
दर शुक्रवारी थोडंसंच पाणी बदललं.
दगड काढून दात घासायच्या ब्रशनं घासले,
हेमलता म्हणाली, आपल्या दातांनाही कधी इतकं घासा.
चार गोगलगायी सोडल्या.
मग काही न करण्याचं काम उरलं.
ते मला नीट येत नाही.

तीन आठवड्यांनी
लाइट गेले, इन्व्हर्टरवर एकच पंप कुंथत होता,
टॉर्च लावली
तर हातोडीच्या दोन फांद्या बाहेर,
बोटं सोडून, पाण्यासोबत
हो-नाही, हो-नाही करत.
मी हेमलताला उठवलं नाही. रुजुताला उठवलं.

तिसरी पांढरीच आहे.
तिच्या टोकावर पुन्हा हिरवा केस दिसतोय,
बोटभर खाली एक गोगलगाय, वर निघालेली.
मी ब्रश उचलला.
ठेवून दिला.