सुंठीवाचून

ट्विन फॉल्सला, शनिवारी सकाळी,
गॅरेजचं दार अर्धं उघडून मी बसले होते
उत्तरं पाठ करून.

क्लचचा लिव्हर वाकलाय?
हो, उभ्या उभ्या पडली एकदा.
(खोटं. ओढ्यात पडले होते, बाईकसकट,
सत्तेचाळिसाव्या वर्षी,
आणि हसत होते.)
साखळी नवी. टाकीवरचा ओरखडा माझ्या आधीचा.
बावीसशे सांगायचे, अठराशेला सोडायची;
मधल्या चारशेंत
दोन कप चहा संपेल एवढं बोलणं.

डेल्फिना आली काकाच्या पिकअपमधून,
जेमतेम विशीची, नखांत ग्रीस.
बोटानं साखळी उचलून पाहिली.
एक किक.
दुसऱ्या किकला इंजिन बोललं.
"घेते," म्हणाली,
आणि बॉनेटवर बावीसशे मोजले.
सही, फळी, पट्टे.
सात मिनिटं.

"सुंठीवाचून खोकला गेला की!" श्रीरंग आतून म्हणाला.

मी उभीच,
परीक्षा रद्द झालेल्या पोरीसारखी.
चारशे जास्तीचे हातात.
फेंडरच्या आतली लाल माती
मी मुद्दाम धुतली नव्हती,
हे आता कुणाला सांगू?

वळणावर पिकअप थांबली.
ती उतरली, मागचा पट्टा पुन्हा आवळला,
मग त्या वाकड्या लिव्हरवर हात ठेवून
तिथूनच ओरडली,
"ओढा की दगड?"

"ओढा!"
इतक्या मोठ्यानं,
की शेजारचं म्हातारं कुत्रं
उगाचच भुंकून घेऊन परत झोपलं.