सुतभर

रात्री उचलून ठेवलेला उजवा पंख
सकाळी गवतावर टेकलेला असतो.
डावा तसाच वर,
सलाम अर्धा राहिल्यासारखा.

पंप गेला, म्हणाले क्लबचे सेक्रेटरी.
पंपच, म्हणाला पुण्याचा फोन, आणि आकडा सांगितला.
शिवलिंगप्पा काहीच म्हणाला नाही.
बावीस वर्षं या मैदानाला पाणी घालतोय तो;
पंखाखाली पिवळ्या पडलेल्या पट्ट्याशी बसून
बोटांनी गवत उभं करत राहिला.

बंदेनवाज मिस्त्री अकराला आले
होटगी रोडचं ऊन मानेवर घेऊन.
मशीनला हात नाही लावला. विचारलं,
"कधी उतरतो? तेल गरम असताना, का थंड?"
हे कुणी विचारलंच नव्हतं.
आम्हीही पाहिलं नव्हतं.

झाकण काढून तेल बोटावर घेतलं :
फेस नाही, दुधाळ नाही, जळका वास नाही.
मग मशीन चालू करून डोळे मिटले.
तरुणपणी चाळीस मागांच्या शेडमध्ये
कुठला धोटा अडखळतोय ते
दारातूनच सांगायचे म्हणे.
"पंप नीट बोलतोय. त्याला का बदनाम करता?"

मी नळीवरून हात फिरवायला गेलो
तसे खेकसले, "मरतो का बे!"
आणि टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला.
सुईएवढ्या भोकातून सुटलेलं तेल
कातडीला विचारत नाही.
त्यांची डावी तर्जनी
दुसऱ्या पेरावरच संपते.

पुठ्ठा कोरडा. जमीन कोरडी.
म्हणजे तेल जातंय,
पण घरातल्या घरात.

डाव्याच्या नळ्या उजव्याला लावल्या,
उजव्याच्या डाव्याला. हवा काढली.
"आता दुखणं नळ्यांमागं जातं,
का जागेवरच राहतं, बघू.
गेलं तर व्हॉल्व्ह. राहिलं तर सिलिंडर."

चिंचेखाली कडक भाकरी मोडली,
शेंगाचटणीवर दही घेतलं.
दीड तास जेवताना कुणी
ताटाकडे बघितलं नाही.

राहिलं.

पिस्टनवरच्या सीलला नखाएवढी चीर.
नवीन सील अक्कलकोट रोडला मिळालं, दोनशे दहा रुपये.
सेक्रेटरींनी पावती दोनदा वाचली,
पाठीमागूनही.

संध्याकाळी पंख वर करून
पुसलेल्या दांड्यावर मिस्त्रींनी खडूची रेघ ओढली
आणि स्कूटर काढली.
मी घरी गेलो नाही.

पहाटे टॉर्च मारला.
रेघ सुतभर सरकलेली.
लगेच फोन केला. झोपेतच हसले,
"सुतभर चालतं रे.
तेवढा तर मीबी उतरतो रातभरात."

मागे वळलो तर शिवलिंगप्पा,
पाइप घेऊन,
पिवळ्या पट्ट्यावर पाणी धरून उभा.
मला वाटलं, विचारेल.
त्यानं फक्त धार थोडी बारीक केली.