जे फॉर जग

सोमवारी प्रशिक्षणात मॅडम म्हणाल्या,
शब्द आधी कानात पडू द्या, मग तोंडात,
वहीत सगळ्यांत शेवटी.
आणि भाषांतर नको. अजिबात नको.
वस्तू दाखवा, कृती करा,
मूल गप्प राहिलं तर राहू द्या,
बी पेरल्यावर कुणी रोज उकरून बघतं का?
मी हे सगळं लिहून घेतलं.
सगळ्यांत आधी वहीतच.

आमच्याकडे इंग्रजी पाचवीत आलं,
छडीचं बोट धरून.
के एन आय एफ ई नाइफ, नाइफ म्हणजे सुरी.
के कुठं गेला, खंडूने विचारलं,
तर गुरुजी म्हणाले, तुझ्या बापाला विचार.
खंडूचा बाप मार्केट यार्डात हमाल.
मला अजून वाटतं,
तो के त्याच्याच पोत्यात असणार.

दांडेकर पुलापलीकडे, कालव्याच्या अंगाला शाळा.
पहिली ब, पट चौतीस.
‘स्टँड अप’ला चौतीस उठतात,
‘सिट डाउन’ला एकतीस बसतात,
इरफान, प्रज्योत आणि खिडकीतली शिफा
स्टँड अपमध्येच रमलेले.
‘टच युवर नोज’ म्हटलं
की जो तो शेजाऱ्याचं नाक धरतो.

मी तोंड करून दाखवते,
व्हीला वरचे दात खालच्या ओठावर,
डब्ल्यूला ओठांचा चंबू.
आपल्याकडे दोघांत मिळून एकच व,
एका खोलीत दोन बिऱ्हाडं.
आणि आपला च तरी?
गाई चार, गाईला चारा,
लिहायला एक, जिभेला दोन.
हे मला कुणी शिकवलं, कुठल्या प्रशिक्षणात?
आई भाकरी थापता थापता बोलत होती,
एवढंच.

हणमव्वा जूनपासून बोललेली नाही.
इंग्रजीत नाही, मराठीतही नाही.
घरी कानडी. बाप सेंट्रिंगवर,
सिंहगड रोडला, अकराव्या मजल्यावर.
माझं मराठी हेच तिचं इंग्रजी,
आणि इंग्रजी म्हणजे
अजून स्लॅब न पडलेला मजला.
मी उकरत नाही.
फक्त हजेरीत तिच्या नावानंतर
एक श्वास जास्त थांबते.

आज गुरुवार. जे फॉर जग.
शाळेतला निळा प्लास्टिकचा जग
मी टेबलावर ठेवला.
टाचणवहीत लिहिलं होतं तेवढंच, जग.
पुढच्या बाकावरच्या समृद्धीने ते उलटं वाचलं,
जेवणातला ज नव्हे, जखमेतला,
“बाई, जग? ते सगळं असतं ते?”
मी काही बोलले नाही, जग उचलला.
ओतायचा होता ग्लासात,
‘पोर’, ‘वॉटर’, ‘ड्रिंक’,
टाचणात तीन कृती होत्या.
पण गुरुवार. पाणी बंद.
वाकवला, आणखी वाकवला,
थेंब नाही.

तेव्हा मागून, दाराजवळून,
पाच महिने न ऐकलेला आवाज,
“जग रिकामं.”

ज तिने कुठला लावला
मला नीट ऐकू आलं नाही.
माझी जीभ सवयीने निघालीच होती,
रिकामा गं, तो जग, ते जग वेगळं.
दाताशी अडवली.

हणमव्वा उठली. कुणी स्टँड अप म्हटलं नव्हतं.
दप्तरातून बाटली काढली,
कोल्ड्रिंकची, झाकण वेगळ्याच रंगाचं,
आणि अर्धी जगात ओतली.
मग माझ्याकडे बघून,
बाई शिकवतात तसं, सावकाश,
एकेक अक्षर सुटं करून म्हणाली,
“नी-रु.”

टेबलाशी उभं राहून कुणी काही म्हटलं
की मागून म्हणायचं, हे वर्गाला माहीत.
तेहतीस गळे एकदम,
“नीरु!”
इरफान सगळ्यांत मोठ्याने, शिफा उभ्याउभ्याच.
मीही म्हटलं. पहिल्यांदा चुकलं,
रु जरा लांबला.
तिने मान हलवली, पुन्हा म्हणून दाखवलं.

शाळा सुटल्यावर टाचणवही भरली.
घटक: पाणी. साहित्य: जग, बाटली.
नवीन शब्द: एक.
शेरा: भाषांतर केलं नाही.