पंधरा अँपिअर

नेरुळ, सेक्टर अठरा, तळमजला.
माझ्या स्वयंपाकघराची खिडकी थेट पार्किंगमध्ये उघडते,
म्हणून सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांचे खोकले मला पाठ.
चौथ्या मजल्यावरच्या खोपकरांची तेवढी
काही न बोलता यायची, जायची.

दोन पोटांची गाडी आहे, ते म्हणाले.
एकात वीज, एकात पेट्रोल.
चाळीस किलोमीटर विजेवर, पुढचं पेट्रोल बघून घेतं.
मृदुलाचं हॉस्पिटल वाशीला,
जाऊन येऊन सोळा.
"म्हणजे विजेतच भागतं सगळं,"
आणि दारातच उभे राहिले चपला न काढता,
वाटीभर साखर मागायला आल्यासारखे.

चौथ्या मजल्यावरून केबल सोडू द्यायला
सेक्रेटरी पिल्लई तयार नव्हते.
चार्जिंग पॉइंटचा विषय
तीन मीटिंगा 'पुढील सभेत'.
आणि माझ्या गिझरचं सॉकेट
खिडकीपासून दोन हातांवर.

साजिदने वायर बदलली, अर्थिंग तपासलं,
तळहाताएवढा मीटर बसवला.
म्हणाला, ताई, गिझर आणि गाडी एकदम नाही हं,
एमसीबी पडेल.
दिवसभर शिवून माझी पाठ भरून येते,
रात्रीची गरम अंघोळ हीच काय ती चैन.
ती आठला उरकायला लागले.
ग्रिलची कड धारदार होती,
तिथे केबलला गुंडाळलं
कुणाच्या तरी ब्लाउजचं उरलेलं अस्तर, मोरपंखी.

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
नऊला खिडकीवर टकटक.
मी टोक बाहेर द्यायचं, त्यांनी घेऊन वळायचं.
झाकण उघडल्याचा आवाज, मग टक्,
मग भिंतीवर हिरवा उजेड, भांड्यांच्या रॅकवरसुद्धा.
दुधाच्या जुन्या वहीत मी लिहायचे
३.१
३.०
३.६, येताना पामबीचवर गाड्या तुंबलेल्या,
तिला उकडत होतं, एसी लावला.

एकदा विचारलं, किती वेळ लागतो हो?
"तिला चार तास. गाडीला दीड."
मी गाडीचंच विचारलं होतं.

पेट्रोल मागच्या दिवाळीतलं.
काटा जागचा हलला नाही.
कधीतरी गाडी आपणहूनच इंजिन चालवून बघते, ते सांगायचे,
दोन मिनिटं. विसरू नये म्हणून.

मग विट्याहून बहीण आली, नीलप्रभा.
"पापड आणि किडनी, दोन्ही घेऊन आलीये,"
मृदुला खिडकीतून म्हणाली,
आणि हसता हसता ग्रिल धरून उभी राहिली
बराच वेळ.

वहीत त्यानंतर एक पान कोरं.
मग अधूनमधून नोंदी, तपासणीच्या वारांच्या.
मग पिल्लईंनी पॉइंट मंजूर केला,
खांबावर, कुलूपबंद पेटीत, पावतीसकट.
खोपकर पेढे घेऊन आले, आणि केबल घेऊन गेले.

परवा पहाटे पाचला पार्किंगमध्ये
ओळखीचा नसलेला आवाज.
आधी घसा खाकरल्यासारखा, मग सलग.
मांजर बॉनेटवरून उडी मारून पळालं.
बॅटरी रिकामीच ठेवली होती त्यांनी,
विटं म्हणजे पावणेतीनशे किलोमीटर,
चाळीसनं काय होतंय.
जुनं पेट्रोल जळल्याचा वास
माझ्या चहापर्यंत आला.
मृदुलानं काच खाली करून हात हलवला,
हातावर सुयांच्या जागी गाठी, आणि बांगड्या.

आता खिडकीशी काही काम नाही.
अस्तर ग्रिलला तसंच आहे, एका बाजूनं विटलेलं.
वहीत सत्तावीस रुपये येणे.
मृदुला दोनदा म्हणाली, हिशेब करून टाकू या.
करू की, मी म्हणते.
नऊला अजूनही गिझर लावत नाही मी,
उगाच एमसीबी पडेल.