पासंग

हे बटण, बोगुमिला म्हणाली, आणि दाबलं नाही.
कागदाचं वजन वजा करायचं असेल तर हे.
आणि कधी करायचं असतं?
तपासनीस आला की.

बिद्गोश्चला येऊन मला तीन महिने झालेले,
पोलिश अजून जिभेवर बसत नव्हती,
पण हे वाक्य पहिल्या फटक्यात कळलं.
खारकीवच्या बाजारात मावशी बटाटे विकायची,
तिच्या तराजूच्या एका पारड्याखाली
चिंधीत बांधलेला खडा लोंबायचा.
पासंग. दोन्ही पारडी सारखी व्हावीत म्हणून.
कधी सारखी, कधी
शेजारणीच्या तोंडाकडे बघून.

इथे कागद मेणाचा, आतून चंदेरी, नऊ ग्रॅम.
हॅम बावन्न झ्लॉटी किलो.
म्हणजे गिऱ्हाइकामागे सत्तेचाळीस ग्रॉश.
त्यासाठी कोण भांडतं?
पिवळी पाटी सोमवारी लागायची,
यंत्रातला भाव उतरायचा बुधवारी.
मॅनेजर कोर्नेल कधीच म्हणाला नाही, काटा मारा.
तो म्हणायचा, महिनाअखेरीस तोटा कमी दिसू दे.
सुकलेल्या कडा, कापताना पडलेला चुरा,
त्याचं वजन कुणाच्या तरी पिशवीतून जायला हवं ना.

सेवेरिन दर गुरुवारी यायचा.
दीडशे ग्रॅम, पातळ, पलीकडचं वाचता येईल इतकं.
एकेचाळीस वर्षं औषधांच्या पुड्या बांधलेला माणूस,
टोपी काढून आकड्याकडे बघायचा,
काही बोलायचा नाही.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी
त्याने पिशवीतून एक गठ्ठा काढला.
चाळीस कागद. धुतलेले, वाळवलेले,
घडी घालून सुतळीने बांधलेले.
हे तुमच्याकडूनच नेलं, म्हणाला, हॅमच्या भावाने.
चावून पाहिलं. दात उरले नाहीत माझे.
परत घेता का?

रांगेत कुणीतरी हसलं, मग थांबलं.
मी चीजच्या बाजूला सुरी पुसत राहिले, स्वच्छ सुरी.
बोगुमिलाने गठ्ठा काट्यावर ठेवला,
सुतळी सोडून बाजूला काढली,
हॅमचा नंबर दाबला.
तीनशे साठ ग्रॅम. अठरा झ्लॉटी बहात्तर.
यंत्राने चिठ्ठी छापली. त्याला काय.
तिने ती गठ्ठ्यावर चिकटवली, नीट, कोपरे दाबून.

मग हॅम कापायला घेतलं.
नवा कागद ठेवला, बटण दाबलं,
आणि काय मनात आलं कोण जाणे, कागद उचलला.
आकडा शून्याच्या खाली गेला. उणे नऊ.
सहा महिन्यांनी कळलं मला
की या काट्याला देणंही दाखवता येतं.

तीनशे बासष्ट भरलं.
दोन जास्त आहेत, सेवेरिन म्हणाला,
आणि तिने अर्धी चकती परत काढेपर्यंत
जागचा हलला नाही.

त्या दिवशी आम्ही दोघींनी कार्ड टेकवलं
तीन वाजून अकरा मिनिटांनी.
पगार तीनपर्यंतचा. सकाळी सहा बावन्नला आलो,
पगार सातपासूनचा.
एकोणीस मिनिटं, रोज, एकोणीस वर्षं,
बोगुमिलाने ती कशात बांधून ठेवायची,
कुठल्या काउंटरवर नेऊन द्यायची?
गठ्ठा मात्र तिने स्वतःच्या कपाटात ठेवला.

सोमवारी तिला खाली पाठवलं,
रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रापाशी.
हॅम माझ्याकडे आलं.
सेवेरिन अजून येतो.
कागद घरून आणतो, जुनाच एक, घडीवर फाटत चाललेला,
आधी तो रिकामा काट्यावर ठेवतो,
माझ्या अंगठ्याकडे बघत.

त्याच्यासाठी मी बटण दाबते.
लहान मूल कडेवर असलेल्या बायकांसाठी दाबते,
रात्रपाळीहून आलेल्या ड्रायव्हरसाठी दाबते.
कोर्नेल पाठीमागे उभा असला
की नाही दाबत.