‘ण’ची हजेरी

शनिवारची सकाळची शाळा, मुंढव्याची, महापालिकेची.
दुसरीचा वर्ग. पट एकोणतीस, हजर बावीस.
विषयाच्या जागी मी लिहिते : उजळणी.

‘उजळणी म्हणजे काय?’
सहज विचारते, आणि उत्तराची वाट न बघता
पट्ट्या वाटायला लागते.
तेवढ्यात अल्फिया,
‘तांब्या घासतात ना, चिंचेनं. अम्मी घासते सोसायटीत.
मग त्यात तोंड दिसतं.’

एकवीस वर्षं हा शब्द लिहितेय मी फळ्यावर.

बरं, तर तोंड दिसेपर्यंत घासू.
शब्दपट्ट्या जुन्या, कोपरे कुरतडलेले.
कमळ. चित्र झाकलं की नुसतं ‘फूल’.
उखळ. ‘डमरू!’ चौघं एकदम.
‘नाही रे, स्टूल,’ सुमेध ठामपणे.
औत. इथे एकटा व्यंकटी हात वर करतो.
मागच्या दिवाळीपर्यंत तो मुखेडला औतामागून चालत होता.
बाकांच्या मधल्या वाटेनं तो अख्ख्या वर्गाला
औत चालवून दाखवतो, वळणावर बैलांना दटावतो सुद्धा.
पट्टीवरची मात्रा तेवढी
त्याच्या हातात येत नाही.

मग मुळाक्षरं. क ख ग सुरळीत.
ङ आणि ञ यांना मी दरवर्षी रजा देते.
ट, ठ, ड, ढ
आणि श्रावण थांबतो.

श्रावण धोत्रे. शेवटचा बाक. बांधकामाच्या साइटवरून येतो,
गुडघ्यांवर सिमेंट.
माझ्या तक्त्यात जूनपासून ‘अक्षर’ या रकान्यात मुक्कामाला.
‘मॅडम, ढ ढगाचा. आन् ह्यो न कुनाचा?’
‘न नाही, ण. बाणाचा.’
‘बानात तर त्यो मागं हाय.
त्याच्यापासून कायच सुरू व्हत न्हाई?’
‘नाही.’
‘मग त्याची हजेरी कशी घेत्यात?’

वर्ग हसतो.
मला हसू येत नाही.
डी.एड.चा पहिला पाठ, मी भूमहून आलेली,
‘पानी’ म्हणाले, आणि मागे पेठेतल्या दोघींनी
वह्यांत तोंडं घातली.
मग रात्री हॉस्टेलच्या आरशापुढे
जीभ उलटी वळवून टाळूला लावत बसायचे,
पाणी, लोणी, कणीस, आणि, आणि, आणि.
तीन महिन्यांत आला ण.
गावी गेले तर आई म्हणाली,
‘लई ग्वाड बोलाया लागलीस गं.’
त्यानंतर बराच वेळ ती शेंगा फोडत राहिली.

‘चला, शोधा त्याला,’ मी म्हणते. ‘इथेच असेल कुठेतरी.’
अल्फियाला तो सापडतो भिंतीवर,
पुणे महानगरपालिकेच्या पुण्यात.
सुमेधला, पोषण आहाराच्या पाटीवर.
कुणाला फळ्यावरच्या उजळणीत, अगदी शेवटी.
व्यंकटी विचारतो, ‘वळणात चालंल?’
चालेल, म्हणजे काय, पळेल.

श्रावण कुठेच जात नाही.
वहीवर मीच चिकटवलेलं लेबल बघत बसतो.
श्रा त्याला येत नाही अजून. व येतो.
त्याच्या पुढे बोट थांबतं, नख काळं पडलेलं.
‘हितं बसलाय.’
आणि मोठ्यानं वाचतो, बोट ण वर ठेवून,
‘श्रावन.’

माझी जीभ टाळूपर्यंत जाते.
मग मी तक्ता काढते, त्याचं नाव
‘शब्द’ या रकान्यात लिहिते,
पेन्सिलीनं, सोमवारी खोडावं लागलं तर म्हणून.

दुपारी फोन. पलीकडून आई,
‘पानी आलं का न्हाई तिकडं?’
‘आलं,’ मी म्हणते, ‘पानी आलं.
भांडी घासायची राह्यलीत.’