साडेसात हात

जागा पाहायला गेलो तेव्हा गोकुळदास मेस्तांनी
पिशवीतून टेप काढलाच नाही.
पायाने पाचोळा सारून उकिडवे बसले,
वाळक्या शेणाला बोट लावलं, म्हणाले,
"एर्मेलिंदाबाय, तुमच्या हॉलमधून गवे जातात."

बाईंनी तो हॉल अजून कागदावरच पाहिलेला.
पणजीच्या इंजिनियरने काढलेला, निळ्या शाईत,
सोफ्याचीसुद्धा जागा आखून.
सोफ्याच्या बरोबर मधून
वाट उतरत होती नेत्रावळीच्या ओढ्याकडे,
दोन किंदळींना खेटून.
खोडांवर माझ्या छातीच्या उंचीला साल गुळगुळीत,
रंधा मारावा तशी.

"कुंपण घालू," मी म्हणालो.
तेव्हा मी एकोणीस वर्षांचा,
ओळंब्याची दोरी धरण्यापुरता शहाणा.
मेस्त हसले नाहीत.
"घाल. आणि रात्री ते धरून बसायला तूच ये."

मग घर आम्ही मधोमध चिरलं.
अलीकडे रांधप, पलीकडे निजणं,
मध्ये साडेसात हात काहीच नाही.
वरून तेवढं एकच आढं,
दोन घरांच्या खांद्यांवर हात टाकून उभं.
साडेसातच का?
तर एक उतरताना दुसरा चढत आला
तर शिंगाला शिंग लागू नये.
इंजिनियरचा फोन आला: जागा वाया जातेय.
मेस्त म्हणाले, कोणाची?

झाड तोडायचं नाही, हा बाईंचा हट्ट.
तुळया आणल्या बंद पडलेल्या खाणीच्या कचेरीतून.
लाल धुळीने इतक्या माखलेल्या
की रंध्याच्या तिसऱ्या हाताला कुठे लाकडाचा वास सुटायचा.
एका फळीवर खडूने लिहिलेले ट्रकांचे आकडे,
एका दिवसाचे, चारशे बारा.
ते त्यांनी पुसले नाहीत,
फळी उलटी बसवली.
वासे वादळात पडलेल्या भेडल्या माडांचे.
खिळा एक नाही. खाच, कुसू आणि जांब्याची मेख,
"म्हणजे बाय कंटाळल्या तर
सोडवून नेता येईल, रानाला न ओरबाडता."
वाळवीला काजूच्या टरफलाचं काळं तेल;
माझ्या हातांची सालं महिनाभर निघत होती.
पाख्याखाली वीतभर फट उदमांजराला.
बुजवलीस तर कौलं काढेल,
ठेवलीस तर दारासारखी वापरेल.

घर उभं राहिलं. गवे आले नाहीत.

एक महिना. तीन. पाच.
त्या साडेसात हातांत गुडघाभर गवत माजलं.
बाईंनी त्यात खुर्ची टाकली, मग टिपॉय,
मग कुंड्या मांडायचं बोलू लागल्या.
मेस्त दर अमावास्येला जायचे,
गवतात उभे राहायचे,
चहा न घेता परत.
वाटेत एकदाच बोलले, माझ्याशी नव्हे:
"तेलाचा वास असेल. की माणसाचा.
मापात कधी चुकलो नव्हतो."

मार्गशीर्षातल्या एका रात्री फोन वाजला.
बाय कुजबुजत होत्या.
रांधपघरात अडकलेय, हातात पेजेचा वाडगा,
बिछाना पलीकडे.
अकरा आहेत, वासरू धरून.
टिपॉय मोडला.
मोठा आहे तो खांबाला अंग घाशीत उभाय, हलतच नाही.

मेस्त अंथरुणात उठून बसले.
"कोण हलत नाही? तो की खांब?"

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास,
एकीचा नव्हे, पुष्कळ जणांचा.

"दोघंही."

"मग पेज पिऊन घ्या," म्हणाले,
आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

आता मेस्तांचे डोळे गेलेत.
दिवाळी झाली की तेलाचा डबा घेऊन मीच जातो.
त्या एका खांबाला
छातीच्या उंचीला काही लावावं लागत नाही.